एकाच चुकीची दोन घरांत वेगळी किंमत: किशोरवयीन प्रेमकथेतली गरिबी-श्रीमंती कशी लिहावी

प्रश्न अंबाजोगाईच्या एका नव्या लेखिकेचा आहे. त्यांनी किशोरवयीन वाचकांसाठी कादंबरी लिहिली आहे. नायिका पूजा, धारूर तालुक्यातल्या एका वाडीवरची, दहावीत, आईवडील ऊसतोडीला जाणारे. नायक सुयश तिच्याच वर्गात, वडिलांचं बाजारपेठेत कृषी सेवा केंद्र. प्रकाशकाने हस्तलिखित परत करताना 'फिल्मी वाटतं' एवढाच शेरा मारला. लेखिका विचारतात: दोघांच्या परिस्थितीतली दरी भाषणबाजी न करता दाखवायची कशी? जात आणायची की टाळायची? आणि मरण किंवा लग्न सोडून तिसरा शेवट असतो का?

कुमार आणि किशोर गटाची हस्तलिखितं वाचणं, दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे आणि मराठवाड्यातल्या शाळांमधून मी लेखनाचे वर्गही घेतो. तुम्ही पाठवलेली चारही प्रकरणं दोनदा वाचली. पूजा मला आवडली, म्हणूनच जरा लांबलचक लिहितोय.

तुमच्या पानांवर गरिबी-श्रीमंती सगळी वस्तूंमधून येते. त्याची नवी स्कूटी, तिची विटलेली ओढणी. त्याचा टचस्क्रीन, तिच्या चपलेचा तुटलेला अंगठा. वाचणाऱ्या पोरांना हे सगळं पाठ आहे, ती पान उलटतात. माझ्या मते खरा फरक दुसरीकडे असतो. दोघं मिळून एकच गोष्ट करतात, समजा शाळा सुटल्यावर अर्धा तास बोलत थांबतात, आणि पकडले जातात. सुयशला काय होतं? घरी दोन थपडा, महिनाभर स्कूटीची चावी काढून घेणं. दहावीला मार्क घसरले तर लातूरला पाठवतील, बारावीनंतर मेडिकलच्या 'नीट' प्रवेश परीक्षेत कमी पडले तर रिपीटर बॅच आहेच. पूजाला काय होतं? तिची शाळा बंद होते आणि पुढच्या लग्नसराईत तिला उजवतात. चूक एकच, पण तिची किंमत एका घरात महिन्याची आणि दुसऱ्या घरात आयुष्याची. कादंबरीतलं प्रत्येक प्रकरण या एका प्रश्नावर घासून बघा: इथे जे घडलं, ते कोणाला परवडलं? एवढं केलंत तर भाषणाची गरजच पडणार नाही.

हे अतिशयोक्तीचं वाटत असेल तर आकडा बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांमध्ये अठरा पुरी व्हायच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २२ टक्क्यांच्या आसपास निघालं. बीड जिल्ह्यात ते ४० च्या वर होतं आणि परभणीत त्याहूनही जास्त. हा आकडा कादंबरीत घालू नका. पण तुमच्या डोक्यात तो असला पाहिजे, म्हणजे पूजाच्या वर्गातल्या तीन मुली दिवाळीनंतर हजेरीला दिसत नाहीत हे तुम्ही आपोआप लिहाल, आणि सरही ती नावं पुकारायची बंद करतात हेही.

आता दुकान. तुम्ही नायकाच्या वडिलांना कृषी सेवा केंद्र दिलंत आणि मग त्या दुकानाकडे पाहिलंच नाहीत, याची मला सगळ्यात जास्त हळहळ वाटली. तालुक्याच्या गावात खताचं दुकान म्हणजे निम्म्या शिवाराची उधारी. पूजाच्या घरी दोन-तीन एकर कोरडवाहू आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग तिचे वडील बी-खत कुठून उचलतात? सुयशच्याच दुकानातून, सोयाबीन निघाल्यावर देण्याच्या बोलीवर. म्हणजे त्याच्या घरातल्या वहीत तिच्या घराचं पान आहे.

असं एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. जूनचा रविवार, पेरणीची घाई, सुयश गल्ल्यावर बसलाय. पूजाचे वडील पायरीशी उभे, चप्पल खाली काढलेली. या दुकानात उधारीवाल्याला सगळे नावाने हाक मारतात, मालकही आणि मालकाचं पोरगंही. सोळा वर्षांचा मुलगा चाळिशीच्या माणसाला सहज म्हणतो, "किसन, मागची बाकी राहिलीय बघ तुझी." यात त्याला काहीच वावगं वाटत नाही, कारण बाप असंच बोलतो. हे पहिल्या प्रकरणात येऊ द्या. मग मधे चार-पाच महिने जातात, हा माणूस पूजाचा बाप आहे हे सुयशला कळतं, आणि पुढच्या खेपेला त्याच्या तोंडून निघतं, "किसनकाका, आत या ना, बसा." हमाल पोतं खांद्यावर तसंच धरून थांबतो. मालक वहीतून मान वर करतो. किसन बसत नाही. रात्री भाकरी मोडता मोडता तो बायकोला विचारतो, "मालकाचं पोरगं मला काका कामून म्हणायलंय?"

पूजाच्या हातातली काटवट तिथेच थांबते. प्रेम उघडं पडायला चिठ्ठी सापडायची गरज नाही, चुगलखोर मैत्रिणीचीही नाही. जिथे कधी मान दिला जात नव्हता तिथे तो अचानक दिला गेला, यावरूनच चार माणसांना वास येतो. आणि सुयशला त्या दिवशी पहिल्यांदा कळतं की आपण आजवर या माणसाला काय म्हणत होतो. हे त्याला शब्दांत मांडायला लावू नका. त्याने गल्ल्यावरून उठून स्वतः खताची गोणी बैलगाडीत ठेवायला मदत करावी आणि किसनने ती त्याच्या हातून काढून घ्यावी, इतकं पुरे.

दुसरी गोष्ट वेळेची. तुमच्या कादंबरीत शाळेचं वर्ष सरळ जूनपासून एप्रिलपर्यंत जातं. सुयशसाठी ते ठीक आहे. पूजाच्या घराचं वर्ष मात्र कारखान्याच्या गाळपावर चालतं. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटाच्या पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाडं निघतात, ती सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडे आणि कर्नाटकात. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. गाळपाचा हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, वाडीवर म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. कुणी आजीपाशी राहतं, कुणी हंगामी वसतिगृहात जेवतं, कुणाला आईबाप सोबत नेतात. दहावीचा बोर्डाचा पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो. त्या सकाळी सुयशच्या कपाळाला कुंकू लावून हातावर दही घालायला आई उंबऱ्यात उभी आहे. पूजाची आई त्याच वेळी कुठल्या तरी शिवारात मोळी बांधतेय, आणि 'पेपर गेला का बरा' हे विचारायला तिचा फोन येतो तो रात्री नऊला, फडावर नेलेल्या घरच्या मोबाइलवरून.

मोबाइलवरून आठवलं. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात पूजा आठ दिवस मेसेजला उत्तर देत नाही, कारण ती रुसली आहे. हा रुसवा काढून टाका. घरात चालणारा एकच स्मार्टफोन, तो आईबापाबरोबर ऊसाच्या फडात गेला. आजीकडे बटणांचा फोन, त्यातलं रिचार्ज संपलेलं. सुयशला यातलं काही ठाऊक नाही. त्याला वाटतं, तिला आपल्यात रस उरला नाही. तो चिडतो, मित्रांपुढे काहीतरी वाईट बोलून जातो आणि ते तिच्यापर्यंत पोचतं. गैरसमज असा परिस्थितीतून उगवला की खलनायक आणावा लागत नाही. तुमचा तो 'आडवा येणारा चुलतभाऊ' मग खुशाल काढून टाका, तो मला पहिल्यापासून उसना वाटला.

भेटीगाठींचंही तसंच. पूजाकडे मुलींचा एस.टी.चा मोफत पास आहे. तो तिच्या गावापासून शाळेच्या गावापर्यंतच चालतो. सुयश सहज म्हणतो, "रविवारी अंबाजोगाईला येतीस का, योगेश्वरीच्या देवळात भेटू." त्याच्यासाठी ती स्कूटीवरची चक्कर. तिला मात्र तिकीट काढावं लागणार. बायकांना अर्धं तिकीट झालं तरी ते पैसे आजीकडे मागताना कारण सांगावं लागणार, आणि मुक्कामी गाडीच्या आत वाडीवर परत पोचावं लागणार. ती येत नाही. किंवा येते, आणि भेटीतला निम्मा वेळ तिचं लक्ष स्टँडकडे असतं. दोन्हींपैकी काहीही लिहा, पण तिच्या डोक्यात चाललेला हिशेब वाचकाला दिसू द्या. वाढदिवसाची भेटवस्तू सुद्धा याच नजरेने बघा. तुमचा सुयश तिला काचेचा ताजमहाल देतो. एका खोलीच्या घरात तो ठेवणार कुठे? पत्र्याच्या पेटीत आजी हात घालते, फळीवर सगळ्यांचा डोळा. त्याने आनंदाने दिलं आणि तिच्या घरात तो पुरावा झाला. तिने तो घरी न्यावाच का? परतीच्या वाटेवरच्या बांधात पुरून टाकला तर ते प्रकरण मी विसरणार नाही.

मात्र पूजाला सतत बिचारी ठेवू नका. हा दोष मला चांगल्या चांगल्या हस्तलिखितांत दिसतो आणि त्याचा मला मनापासून राग येतो. दहावीतल्या या मुलीने लहानपणी तीन-चार हंगाम फडावर काढलेत. तिने कृष्णेचं हिवाळ्यात काठोकाठ भरलेलं पात्र पाहिलंय, त्या वेळी सुयशच्या गल्लीत टँकरची वाट पाहणं चाललं होतं. तिला कामापुरतं कानडी कळतं. बापाच्या बैलजोडीचा तिला अभिमान आहे, मोळ्यांचा हिशेब ती मुकादमाच्या आधी तोंडी करते. सुयश तालुक्याच्या बाहेर फार तर लातूर-संभाजीनगरला मामाकडे गेलेला. मग त्याने तिच्याकडे ओढलं जाण्याचं कारण 'साधेपणा' आणि 'निरागस डोळे' का असावं? तिला जग जास्त माहीत आहे म्हणून तो तिच्याशी बोलायला थांबतो, हे कितीतरी खरं वाटेल.

सुयशलाही कुठेतरी लहान होऊ द्या. तालुक्यात तो दुकानदाराचा मुलगा, पण अकरावीला लातूरला गेला की डॉक्टरांच्या आणि बिल्डरांच्या मुलांमध्ये तो 'खताच्या दुकानातला' होतो. मेसच्या टेबलावर त्याच्या 'काय करायलास' वर कुणीतरी हसतं. पंधरवड्यात त्याची बोली बदलते. दिवाळीला गावी आल्यावर तो पूजाशी त्या नव्या बोलीत बोलतो, आणि ती काही न बोलता नुसतं ऐकून घेते. इथून दोन वाटा फुटतात. त्याला तिचं दुखणं आतून कळेल, किंवा त्याला तिची लाज वाटायला लागेल. माझा कौल दुसऱ्या वाटेला आहे, निदान काही पानांपुरता. सोळा-सतराव्या वर्षी माणूस प्रेमही करतो आणि लाजतोही, आणि हे दोन्ही एकाच आठवड्यात घडतं.

जातीबद्दल तुम्ही फार सावधपणे विचारलंय. मराठवाड्यात लिहिताना वर्ग जातीपासून पूर्ण सुटा करता येत नाही. तुम्ही सगळ्यांची आडनावं गाळलीत, पण शाळेत हजेरी आडनावानेच होते. वाचणारा पोरगा दुसऱ्या पानावर विचारतो, ही कोण? उत्तर नाही मिळालं की तो स्वतःच अंदाज बांधतो आणि मग कादंबरी तुमच्या हातात राहत नाही. म्हणून ठरवा आणि लिहा. पूजा दलित घरातली असेल, तर तिची आजी साधारण पासष्टीची, म्हणजे १९७८ मध्ये ती ऐन तारुण्यात होती. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव त्या वर्षी जुलैत झाला, त्यानंतर मराठवाड्यातल्या गावागावांत वस्त्या जळाल्या, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. अशी आजी नातीला 'त्या गल्लीत जाऊ नको' म्हणते तेव्हा तिच्या सांगण्यामागे पाहिलेलं असतं. तिला जुनाट, कर्मठ म्हातारी करून चालणार नाही. नात तिचं ऐकणार नाही, पण वाचकाला आजीचं पटलं पाहिजे.

दुसरा पर्यायही तितकाच ताकदीचा आहे आणि तो फार कमी लोक वापरतात: दोघं एकाच जातीची. मग विरोधाला जातीचा आधार राहत नाही, आणि पैशाचं नाव घ्यायला सगळ्यांनाच अवघड होतं. सुयशची आई कधीच 'ते गरीब आहेत' म्हणणार नाही. ती म्हणेल, "त्यांच्यात वळण नाही." "पोरगी सहा सहा महिने मोकळी असते." "आपल्यातलेच आहेत, पण फडावरचे." तुमच्या विषयाच्या अगदी गाभ्याशी नेणारी वाक्यं आहेत ही. तुमची दोन्ही पात्रं मला याच रचनेत जास्त शोभतील असं वाटतं, पण निवड तुमची. अर्धवट मात्र ठेवू नका.

पळून जाण्याच्या प्रकरणाबद्दल स्पष्ट सांगतो: ते काढा. दोघंही अठराच्या आतली आहेत. मुलगी 'मी माझ्या मर्जीने गेले' म्हणाली तरी कायद्यापुढे अठराच्या आत तिची संमती धरली जात नाही. घरचे अपहरणाची तक्रार देतात, मुलांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याची कलमं लागू शकतात, मुलगा बाल न्याय मंडळापुढे आणि मुलगी बाल कल्याण समितीपुढे उभी राहते. एवढं सगळं लिहायची तयारी असेल तर ती वेगळी, मोठी कादंबरी होईल. तुमच्या कथेत पळून जाणं हे निसर्गसुंदर डोंगराच्या पार्श्वभूमीवरचं एक छान प्रकरण म्हणून आलंय, आणि तसं ते छापणं मला वाचकांच्या बाबतीत बेजबाबदारपणाचं वाटतं. त्याचबरोबर, या वयाच्या पात्रांमध्ये शारीरिक जवळिकीची वर्णनं नकोत. झेरॉक्सच्या दुकानात नोट्सचा गठ्ठा देताना बोटाला बोट लागणं पंधरा-सोळाव्या वर्षी आठवडाभर पुरतं, हे तुमच्या वाचकांना आपल्याहून जास्त ठाऊक आहे.

लग्न मोडण्याचा प्रसंग ठेवा, पण हात बदला. तुमच्याकडे सुयश १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावतो, अधिकारी येतात, लग्न थांबतं आणि तो हिरो होतो. गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतो. तो रोज त्याच माणसांत बसणारा. फोन कुणी केला हे गावाला दोन दिवसांत कळतं, आणि 'मालकाच्या पोराने केला' हे कळलं की सगळा राग पूजाच्या अंगावर येतो: याचा आणि हिचा संबंध काय? त्याच्या एका धाडसाची भरपाई पुन्हा तीच करणार. फोन पूजाने स्वतः करावा, किंवा हजेरीतून गळालेल्या त्या तीन मुलींपैकी एकीने. आणि हे लग्न ठरवणारा किसन राक्षस नाही, हे विसरू नका. वयात आलेली मुलगी सहा महिने म्हातारीच्या भरवशावर ठेवून जायचं भय त्याला खरंच झोपू देत नाही. वय वाढलं, शिक्षण वाढलं की हुंडा वाढतो हे त्याने पुतणीच्या वेळी पाहिलंय. लग्न झालेली जोडी म्हणजे मुकादमाच्या लेखी पुरा कोयता, तिला उचल मिळते. ही तीन कारणं त्याच्या तोंडी एका रात्रीत, बायकोशी बोलताना येऊ द्या.

शेवटाबद्दल. सोळाव्या वर्षीच्या प्रेमाला निकाल लागलाच पाहिजे असा नियम नाही. वाचकाला शेवटी एका गोष्टीचं उत्तर हवं असतं, पूजाचं पुढे काय? ते द्या. अकरावीचा फॉर्म भरला का, वसतिगृहात जागा मिळाली का, पहिला हप्ता कुठून आला. सुयशचं आणि तिचं काय झालं हे मोकळं ठेवता येतं. दोघं कॉलेजात एकमेकांना ओळख दाखवतील, न दाखवतील. फक्त तिची फी त्याच्या बापाने भरली असं करू नका. उधारीच्या वहीत आणखी एक पान वाढेल, आणि मग तिने आयुष्यभर त्याच्याशी बोलायचं कसं?

पालक ओरडतील, शाळा कपाटात कुलूप लावून ठेवेल, ही काळजी आत्ता करू नका. पुस्तक चांगलं असेल तर पोरं ते दप्तरातून एकमेकांना पोचवतात, मी ते पाहत आलोय.

पुनर्लेखन दुकानाच्या दृश्यापासून सुरू करा, पहिली दोन प्रकरणं नंतर आपोआप जागेवर येतील. खर्डा झाला की नववी-दहावीच्या एखाद्या वर्गात, शक्यतो ऊसतोडीच्या पट्ट्यातल्याच, त्यातली तीस-चाळीस पानं मोठ्याने वाचून दाखवा. कशी वाटली असं विचारू नका, 'छान' एवढंच उत्तर मिळेल. किसन कुठे चुकला आणि सुयश कुठे चुकला हे विचारा. त्यावर वर्गात भांडण लागलं तर हस्तलिखित प्रकाशकाकडे जायला तयार आहे. मुलं चुळबुळ करायला लागली ती जागा कडेला पेन्सिलने खूण करून ठेवा आणि तेवढीच पानं पुन्हा लिहून मला पाठवा, मी वाचतो.